न जाता मोजलेली अंतरं

गाडी निघण्याआधी मी एक यादी मोठ्याने वाचते आणि रशीदभाई एकेका वस्तूला "हौ" म्हणतात. पितळी परात एक. ज्वारीचे दाणे दहा; लागतात दोन, आठ हरवण्यासाठी. बाजरी, मोहरी आणि खसखस यांच्या तीन पुड्या. लिंबं दोन, एक मोठं, एक लहान. गोट्या दोन. मोजणीचं चाक, टेप, सुतळी, खडू. "हौ, हौ, हौ." परातीपाशी आलं की रशीदभाई न चुकता विचारतात, "मॅडम, सूरज पीछे रखूँ या सीट पे?" सूर्य मागे, स्टेपनीच्या शेजारी जातो.

गेली बावीस वर्षं मी एका संस्थेच्या फिरत्या विज्ञान-गाडीवर काम करते. रशीदभाई पहिल्या दिवसापासून गाडी चालवतात. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतल्या कन्नड, मराठी आणि उर्दू शाळा हे आमचं क्षेत्र. गाडीत सूक्ष्मदर्शक आहे, चुंबकं आहेत, हाडांचा सापळा आहे. सापळ्यापुढे गर्दी जास्त होते, हे मान्य करते. पण माझा विषय अंतरं. पृथ्वीपासून चंद्र किती लांब, सूर्य किती लांब, तारे किती लांब, आणि हे आपल्याला कळलं कसं.

आकडे सांगून काही होत नाही, हे पहिल्या सहा महिन्यांत कळलं. "सूर्य पंधरा कोटी किलोमीटर" म्हटलं की मुलं लिहून घेतात आणि जेवायच्या सुट्टीकडे बघतात. मग मी सगळं जग लहान करून आणलं. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक दाणा, असं धरलं. त्या हिशेबाने सूर्य होतो मोठ्या परातीएवढा. परात शाळेच्या दारात भिंतीला टेकवायची आणि चालायला लागायचं. अठरा मीटरवर मोहरी, तो बुध. चौतीस मीटरवर दुसरा ज्वारीचा दाणा, तो शुक्र. सत्तेचाळीस मीटरवर आपण. बाजरीचा मंगळ बहात्तरवर. मग मोठं लिंबू म्हणजे गुरू थेट दोनशे चव्वेचाळीस मीटरवर, म्हणजे शाळेचं मैदान संपून रस्त्यावर. लहान लिंबू शनी साडेचारशेवर, पहिली गोटी नऊशेवर, आणि शेवटची, नेपच्यूनची, चौदाशे अकरा मीटरवर. तोपर्यंत गाव संपलेलं असतं आणि तुरी सुरू झालेल्या असतात.

प्रत्येक गावात मी एक गोष्ट करून बघते. ज्वारीचा दाणा ठेवते आणि खसखशीचा एक कण एखाद्याच्या हातात देते. म्हणते, हा चंद्र. किती लांब असेल तिथे ठेवा. विद्यार्थी, शिक्षक, सरपंच, सगळे तो दोन बोटांवर ठेवतात. पुस्तकातल्या चित्रात तो तिथेच असतो ना! खरी जागा बारा सेंटिमीटरवर, अर्ध्या वितेहून जरा पुढे. या साऱ्या खेळात माणूस जिथवर स्वतः जाऊन आलाय, ते एवढंच अंतर. बाकी सगळं न जाता मोजलेलं.

या कामात फजितीही भरपूर. एका शाळेत प्रयोग सुरू करायला गेले तर सूर्य गायब. शोधला तर दुपारच्या जेवणाच्या बायकांनी तांदूळ निवडायला नेला होता. "अर्धा तास थांबा की अक्का, सूर्व्याला काय घाई हाय?" असं मलाच ऐकवलं.

प्रकाशवर्ष हा शब्द सगळ्यात जास्त त्रास देतो. त्यात 'वर्ष' आहे, म्हणून लोकांना तो काळ वाटतो. याचं उत्तर मला गाणगापुरात मिळालं. तिथे आम्ही शाळेसाठी गेलो होतो आणि एका लॉजमध्ये उतरलो होतो. लॉजच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मंदिर फक्त ५ मिनिटे'. सकाळी एक जाडजूड यात्रेकरू बाई धापा टाकत परत आल्या आणि मालकाशी भांडायला लागल्या.

"पाच मिनिटं म्हणे! वीस मिनिटं लागली मला. कुणाच्या पावलांनी पाच?"

मालक शांतपणे म्हणाला, "माझ्या पावलांनी ताई. पाटी माझी हाय."

मी तिथेच वही काढून हे टिपून घेतलं. प्रकाशवर्ष म्हणजे असलीच पाटी. अंतरच सांगायचं, पण चालायला लागणाऱ्या वेळात. फरक इतकाच की इथे चालणारा एकच आहे, प्रकाश, आणि त्याची चाल कधी बदलत नाही. म्हणून भांडण होत नाही. माझ्या ज्वारीच्या जगात ही चाल केवढी, तर सेकंदाला नऊ सेंटिमीटर, साधारण घाईत असलेल्या मुंगळ्याएवढी. परातीतून निघालेला मुंगळा आपल्या दाण्याशी पोचतो आठ मिनिटं वीस सेकंदांनी. नेपच्यूनच्या गोटीशी चार तासांनी. आणि सगळ्यात जवळच्या ताऱ्याशी? तो तारा म्हणजे दुसरी एक परात, आणि ती ठेवायची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. मुंगळ्याला तिथे पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. हे ऐकून एका गावात मास्तर म्हणाले होते, "आमच्या साडूच्या पोराकडं ठिवा की मग, तिथंच हाय तो." मध्ये काय, तर काही नाही. ही मधली रिकामी जागा समजली की माझं काम झालं.

आता एक चूक सांगते, कारण पुढच्या गोष्टीशी तिचा संबंध आहे. माझी मायबोली मराठी. कन्नड मी नोकरी लागल्यावर नीट शिकले. कन्नडमध्ये मूरु म्हणजे तीन आणि नूरु म्हणजे शंभर. अफजलपूरकडच्या एका कन्नड शाळेत मी प्रकाशाचा वेग सांगितला. सेकंदाला 'मूरु लक्ष' किलोमीटर म्हणायचं, त्याऐवजी जोरात म्हणाले 'नूरु लक्ष'. तीन लाखांचे शंभर लाख झाले. एका अक्षराने मी प्रकाशाला तेहतीस पट पळवला. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. महिन्याभराने हेडमास्तरांचा फोन आला. चाचणीत सगळ्या वर्गाने शंभर लाख लिहिलं होतं आणि पुस्तक दाखवलं तर मुलं म्हणत होती, गाडीवाल्या मॅडमनी सांगितलंय, पुस्तक चुकलंय.

मी बसने गेले, वर्गापुढे उभी राहिले आणि म्हणाले, पुस्तक बरोबर, मी चूक. मुलं हसली. त्या दिवसापासून नियम केला की आकडा नुसता बोलायचा नाही, आधी फळ्यावर लिहायचा. गाडीच्या मागच्या दाराएवढी एक मोठी फळी करून घेतली. तिच्यावर दोन रकाने, एकात नाव, दुसऱ्यात अंतर. चंद्र, सूर्य, नेपच्यून, जवळचा तारा, आणि शेवटी दुसऱ्या आकाशगंगा. माझ्या मते चुका टाळण्याचा यापेक्षा पक्का बंदोबस्त नव्हता. ही समजूत अप्पांनी मोडली.

माणिकअप्पा पहिल्यांदा दिसले ते हळ्ळीखेडच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. वय सत्तरीच्या पुढे, पांढरं धोतर, बगलेत छत्री. परातीपासून आमच्याबरोबर निघाले. लोक साधारण शनीपर्यंत येतात आणि मग कामं आठवतात. नेपच्यूनपर्यंत त्या दिवशी सातच जण आले. गोटी ठेवून मी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात अप्पा म्हणाले,

"म्याडम, तुमची ही गोटी चौदा पावलं अलीकडं हाय."

मी विचारलं, कशावरून?

"तुमीच सांगितलाव की, चौदाशे अकरा मीटर. माझं पाऊल अडीच फुटाचं. कमी भरायलंय."

मोजणीचं चाक त्या दिवशी बिघडलं होतं, म्हणून शेवटचा टप्पा मी गाडीच्या मीटरवर धरला होता. रशीदभाईंना ते लागलं. "चौदा पाँव से क्या होता अप्पा? नेपच्यून भाग जाता क्या?" पण मी टेप काढून शनीपासून पुन्हा मोजलं. अकरा मीटर कमी होते, म्हणजे चौदा पावलं. आमच्या मापात त्या चौदा पावलांत साडेतीन कोटी किलोमीटर मावतात. गोटी पुढे सरकवली आणि विचारलं, "अप्पा, तुम्ही काय करत होतात?"

"मोजणीदार होतो. सरकारी. जमिनी मोजल्या हयातभर."

मागून एक तरुण हसून म्हणाला, "काठावरचे अप्पा म्हणतेत त्यांना." अप्पांनी छत्री दुसऱ्या बगलेत घेतली आणि गावाकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या गावात होतो. अप्पा पुन्हा हजर, बसने आले होते. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या गावातही. रशीदभाई माझ्या कानाशी लागले, "मॅडम, ये अप्पा कल बी आये थे. कायकू आते? सूरज पे नजर है क्या?" त्या दिवशी मी ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात ते सांगत होते. त्याची रीत अशी. हात लांब करून अंगठा धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग डावा. अंगठा मागच्या झाडासमोर इकडून तिकडे सरकलेला दिसतो. अंगठा डोळ्यांजवळ आणा, सरकणं वाढतं. लांब न्या, कमी होतं. दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असलं आणि अंगठा किती सरकला ते मोजलं, तर तो किती लांब आहे हे त्याच्यापर्यंत न जाता काढता येतं. ताऱ्यांसाठी आपले दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या दोन जागा. आज बघायचं आणि सहा महिन्यांनी, पृथ्वी परातीच्या पलीकडे गेल्यावर, पुन्हा बघायचं. ज्वारीच्या जगात या दोन डोळ्यांमधलं अंतर चौऱ्याण्णव मीटर, आणि ज्याच्याकडे बघायचं ती परात अमेरिकेत. ती किती सरकलेली दिसेल? तीन किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, साधारण तेवढी. माणसांनी हे मोजलंय.

कार्यक्रम संपला, मुलं पांगली, तरी अप्पा फळीसमोर उभेच. म्हणाले,

"म्हंजे न जाता मोजलेलं सरकार मान्य करतंय म्हणा की."

मी हसले. अप्पा हसले नाहीत. शाळेच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं.

तीसेक वर्षांपूर्वी अप्पांकडे त्यांच्याच गावातली एक मोजणी आली. भगवंतअण्णा नावाचे शेतकरी आणि त्यांचे चुलतभाऊ यांची वाटणी होती. शेताची एक हद्द नाल्याच्या अलीकडच्या दगडापासून पलीकडच्या दगडापर्यंत जात होती. नाल्याला पूर होता, तीन दिवस उतरत नव्हता, आणि नकाशा शनिवारच्या आत द्यायचा हुकूम होता. अप्पांनी काठावरूनच मोजलं. उस्तादाने शिकवलेली रीत त्यांना येत होती.

ती रीत सोपी आहे. अलीकडच्या दगडापाशी उभं राहायचं. समोर, नाल्यापलीकडे, दुसरा दगड. तिथून काठाकाठाने काटकोनात चार साखळ्या चालायचं आणि एक काठी रोवायची. साखळी म्हणजे मोजणीदाराची तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणतात. काठी रोवली की त्याच रेषेत आणखी एक साखळी पुढे जायचं. आता नाल्याकडे पाठ करून सरळ शेतात चालायचं आणि दर पावलाला मागे वळून बघायचं. एका जागी आपली काठी बरोबर पलीकडच्या दगडाच्या अंगावर आलेली दिसते. तिथे थांबायचं. हे शेवटचं चाललेलं अंतर मोजून चौपट केलं की नाल्यावरचं अंतर मिळतं. अप्पांचं शेवटचं अंतर भरलं एक साखळी चौदा आणे. चौपट म्हणजे साडेसात साखळ्या. तेवढंच त्यांनी वहीत लिहिलं. आणि पुढे, मोजण्याची रीत लिहायच्या जागी, लिहिलं, 'साखळी टाकून'.

भगवंतअण्णांनी तक्रार केली. पुरात हा माणूस पलीकडे आलाच नाही तर साखळी टाकली कुणी? काठावर बसून मनाने आकडा लिहिला. चौकशी झाली. पलीकडे गेलो नाही, हे अप्पांना कबूल करावं लागलं. वहीतलं लिहिणं खोटं ठरलं, मग मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? बदली झाली, लांबच्या तालुक्यात. रिटायर होऊन गावी परतले तेव्हा 'काठावरचे' हे नाव त्यांच्या आधी येऊन बसलं होतं.

मी विचारलं, "पण अप्पा, उन्हाळ्यात नाला कोरडा पडतो. दोन्ही दगड आहेत ना जागेवर? टेप टाकून मोजलं असतं तर दोन घटकांत निकाल लागला असता."

"लागला असता की."

"मग?"

"भ्या वाटलं, म्याडम. लोक म्हणायचे, यानं मोजलंच न्हाई. मी म्हणायचो, म्हणू द्या, माझं मला ठावं हाय ना, मी मोजलो म्हणून. आता टेप टाकलो आन चुकलेलं निघालं तर? मग तेवढंबी जवळ राहत न्हाई."

मी नोकरीतली मॅडम झाले. म्हणाले, चुकण्यात काही नाही अप्पा, तारे मोजणारेसुद्धा आकड्याच्या पुढे लिहितात की हा इतका इतका चुकलेला असू शकतो. चूक किती ते लिहिलं नाही तर त्यांच्यात तो आकडा आकडाच धरत नाहीत.

अप्पांनी मान वळवून माझ्या फळीकडे बघितलं.

"मग तुमच्या फळीवर ती चूक कामून न्हाई?"

 याचं कारण मी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. लोक गोंधळतात, म्हणून चूक किती ते मी गाळलं होतं. आणि कसं कळलं, हेही गाळलं होतं. चंद्राचं अंतर तिथल्या आरशांवर प्रकाश पाठवून, तो परत यायला लागलेला वेळ मोजून काढलंय. जवळच्या ताऱ्याचं अंगठ्याच्या युक्तीने. दूरच्या आकाशगंगांचं त्याहून वेगळं. शंभर वॅटचा बल्ब जवळून किती झगझगीत दिसतो ते माहीत असलं, तर तो अंधुक दिसल्यावर किती लांब आहे हे सांगता येतं. तसे काही तारे ठराविक तेजाचे असतात, ते तिथे शोधायचे. पण बल्ब शंभरचा आहे हे कळायला आधी जवळचे तारे अंगठ्याच्या युक्तीने मोजलेले लागतात. एक पायरी दुसरीवर उभी. खाली बोटभर चुकलं तर वर हातभर चुकतं. माझ्या फळीवर मात्र सगळे आकडे एका ओळीत, एकाच जाडीच्या खडूने, जणू सगळीकडे मी साखळी टाकून आले होते.

"बरं," मी म्हणाले. "मी फळी बदलते. तुम्ही नाला मोजा."

अप्पांनी छत्रीच्या टोकाने मातीत नाल्याची एक रेघ ओढली. मग म्हणाले, "भगवंताला बोलवावं लागंल. त्याच्याबगर मोजून उपयोग न्हाई."

चैत्रात गेलो. नाला कोरडा ठणठणीत होता. सकाळी नऊची वेळ, मी, रशीदभाई, अप्पा आणि भगवंतअण्णा. अण्णा अप्पांच्याच वयाचे, अंगाने दांडगे, डोक्याला टॉवेल. आल्या आल्या सुरू झाले.

"काय अप्पा, आज पाय भिजवायला तयार झालाव? पाणी न्हाई बघूनच आलाव जणू."

"पाणी असतं तरी आलो असतो."

"तीस वर्सं झाली वाट बघून."

"मलाबी," अप्पा म्हणाले, आणि टेपचं टोक अण्णांच्या हातात दिलं. "धर. तूच धर. उद्या म्हणू नको, अप्पानं ढिला सोडला."

"मी धरणारच! तुमच्या हाती कोण देतंय?"

टेप तीस मीटरचा होता, म्हणून तीन टप्पे करावे लागले. प्रत्येक टप्प्याला मी खुंटी रोवली आणि आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहिला. अण्णा टेप असा ताणत होते की तुटायचा. अप्पा मधूनमधून ओरडत होते, "खाली घे, गवतावरून न्यायलास, जमिनीला लाव." मोजणीदाराचा आवाज तो. पात्राच्या मधोमध ते एकदा थांबले. बहुधा पहिल्यांदाच तिथे उभे होते.

बेरीज अठ्ठ्याहत्तर मीटरला पाच सेंटिमीटर कमी. साखळ्यांत किती ते अप्पांनी करायचं ठरलं होतं. दगडावर बसून त्यांनी कागदावर मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. रशीदभाईंनी विडी काढली आणि पेटवायची विसरले. मग अप्पांनी कागद अण्णांपुढे धरला.

"पावणेआठ. मी लिवलो होतो साडेसात. चार आणे चुकलं."

"म्हंजे किती?"

"सव्वाआठ फूट. तुझं सव्वाआठ फूट कमी लिवलो मी."

अण्णांनी कागद घेतला. उलटा धरला होता, मी सुलटा करून दिला. आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. त्यांना वाचायला किती येत होतं मला माहीत नाही. शेवटी म्हणाले,

"एवढंच?"

"एवढंच म्हंजे? चूक ती चूक."

"तसं न्हाई ओ. मनानं लिवलं असतं तर एवढ्या जवळ कसं येतंय? मी डोळ्यानं बघून सांगितलो असतो तरी धा साखळ्या म्हणालो असतो." त्यांनी पलीकडच्या दगडाकडे बघितलं. "तुमी मोजला होताव की अप्पा."

"मोजलो होतो. काठावरून."

"मग तसं लिवायचं की! काठावरून मोजलो म्हणून. मी कशाला भांडलो असतो? तुमी साखळी टाकलो म्हणालाव, मी म्हटलो, हा माणूस खोटं बोलायलाय."

अप्पांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "व्हय. तेच चुकलं. चार आणे न्हाई, तेच चुकलं."

"आन माझं सव्वाआठ फूट?"

"गेलं ते. माझ्या हातानं गेलं."

अण्णांनी टॉवेल झटकला. "जाऊ द्या. चुलतभावानं ते विकूनबी टाकलं. चला, च्या घ्या घरी. ये बाई, तुमीबी."

जाताना अप्पांनी मला हळूच चुकीचं मूळ दाखवलं. शेवटचं अंतर त्यांना एक साखळी चौदा आणे दिसलं होतं, ते पंधरा हवं होतं. काठी दगडाच्या अंगावर यायला एक आणा कमी पडला, फक्त दोन फूट. आणि चौपट करताना त्या एका आण्याचे चार झाले. "आभाळातबी असंच होत आसंल," म्हणाले. मी म्हणाले, अगदी असंच होतं.

मी शब्द पाळला. नवी फळी चार रकान्यांची केली. नाव, अंतर, कसं कळलं, किती चुकू शकतं. चंद्रापुढची चूक बोटभरसुद्धा नाही, शेवटच्या आकाशगंगांपुढची इतकी मोठी की एक शिक्षक म्हणाले, "मॅडम, हे मुलांना दाखवू नका, विज्ञानावरचा विश्वास उडेल." उडाला नाही. उलट आधी 'किती लांब' एवढाच प्रश्न यायचा, तो आता 'कशावरून' असा येतो. मला वाईट एवढंच वाटतं की त्याआधीची सोळा-सतरा वर्षं मी तो येऊच दिला नाही. त्या सगळ्या शाळांत बसने परत जाता येत नाही.

फळीवर पहिली ओळ अप्पांच्या मागणीवरून आहे. चंद्राच्याही आधी, कारण यादी जवळून लांब अशी आहे. 'नाल्यापलीकडचा दगड. साडेसात साखळ्या. न जाता, काठावरून. चूक चार आणे.' प्रत्येक गावात कुणीतरी विचारतंच, "अक्का, ह्यो दगड कुठल्या ग्रहावर हाय?" मी सांगते, हळ्ळीखेडच्या पुढं. आणि मग तीच गोष्ट सांगून ताऱ्यांकडे जाते.

फळी रंगवून झाली तेव्हा दाखवायला त्यांच्या गावी नेली होती. अप्पा आणि अण्णा दोघे आले. अप्पांनी पहिली ओळ वाचली, चार पावलं मागे गेले, पुन्हा वाचली. आणखी मागे गेले, रस्त्याच्या पार पलीकडे, आणि तिथून हाक मारली.

"म्याडम, ते चार आणे जरा ठळक लिवा. हितनं दिसंना झालंय."